प्रतिकारक वाण लावूनही मक्यात बुरशीविष येतंय? बियाण्याला दोष देण्याआधी हे तपासा

मक्यातल्या बुरशीविषाच्या तक्रारी निस्तरणं हे माझं नेहमीचं काम आहे. तक्रारीचा साचा ठरलेला असतो. बियाणं ‘प्रतिकारक’ म्हणून घेतलं, पीक जोमदार आलं, पानं शेवटपर्यंत हिरवी राहिली आणि माल तपासणीत नापास झाला. मग सगळ्यांची बोटं वाणाकडे वळतात. पुढच्या हंगामात दुसरं बियाणं येतं आणि त्यातही तेच घडतं. कारण बहुतेक वेळा दोष वाणाच्या अलीकडेच कुठेतरी असतो आणि तो शोधायला फारसा खर्चही लागत नाही. म्हणून स्वस्तातलं आधी, महागडं नंतर, या क्रमाने चला. मधली पायरी गाळून थेट जनुकांवर उडी मारू नका.

लक्षणं

तुमच्याकडे नेमकं काय दिसतंय ते आधी कागदावर लिहा. ‘बुरशी आली’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- एकाच ढिगातले दोन नमुने पाठवले, एक पास झाला आणि दुसरा दणदणीत नापास.
- कापणीला कणसं स्वच्छ होती. पोत्यात काही आठवडे गेल्यावर दाण्याच्या अंकुराकडच्या बाजूला निळसर-हिरवट डाग आणि कोंदट वास. पोत्यात हात घातला तर आत ऊब जाणवते.
- कणसाच्या शेंड्याकडे किंवा अळीने पोखरलेल्या वाटेवर पिवळसर-हिरवी भुकटी.
- कणसावर विखुरलेले, इथे एक तिथे दोन असे पांढरट-गुलाबी दाणे. काही दाण्यांवर टोकापासून फाकलेल्या बारीक पांढऱ्या रेघा.
- शेंड्यापासून खाली उतरत गेलेली गुलाबी-लाल बुरशी.
- उलट बुडाकडून वर चढलेली पांढरी-करडी बुरशी. कणीस हलकं लागतं, आवरण कणसाला चिकटून बसलेलं असतं.
- बुरशी कुठेच नाही, दाणा टपोरा, रंग छान, तरीही अहवालात विष.
- चांगल्या पावसाच्या वर्षी काही नाही. दाणे भरताना ताण बसला की हमखास.

शेवटून दुसरं लक्षण सगळ्यांत जास्त गोंधळात टाकतं, पण ते अशक्य नाही. अफ्लाटॉक्सिन या बुरशीविषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. आणखी एक, बुरशी आलेला दाणा हुंगून किंवा चावून बघू नका. असा माल हाताळताना नाकातोंडावर मास्क बांधा.

पहिली तपासणी: ‘प्रतिकारक’ म्हणजे कशाला?

खर्च शून्य. पिशवीवरची माहिती आणि वाणाचं माहितीपत्रक काढा आणि नीट वाचा. बहुतेक ठिकाणी ‘रोगप्रतिकारक’ हा शब्द पानांच्या रोगांसाठी लिहिलेला असतो, म्हणजे टर्सिकम करपा, तांबेरा, फार तर खोडकूज. करप्याविरुद्ध एकेकटं जनुकही चांगलं काम करतं, त्यामुळे तो गुण वाणात आणणं आणि दाखवणं सोपं असतं. कणीसकुजीचं तसं नाही. तिच्याविरुद्धची प्रतिकारकता अनेक लहानलहान जनुकांच्या बेरजेतून येते, प्रत्येकाचा वाटा थोडा असतो आणि हवामान बदललं की तो वाटाही बदलतो. पान निरोगी आहे म्हणून दाणा सुरक्षित आहे, असं यातून निघत नाही.

विक्रेत्याला किंवा वाण काढणाऱ्या संस्थेला तीन गोष्टी विचारा. कोणत्या बुरशीविरुद्ध? मुद्दाम बुरशी टोचून पारखलंय की शेतात आपोआप आली तेवढीच पाहिली? आणि मोजलं काय, कणसावरचा कुजका भाग की दाण्यातलं विष? तिसऱ्या प्रश्नावर उत्तर अडखळलं तर समजून जा. फ्युजारियम या बुरशीच्या बाबतीत कूज आणि तिचं विष फ्युमोनिसिन यांचं आनुवंशिक नातं घट्ट असतं, कूज कमी असलेल्या वाणात विषही सहसा कमी सापडतं. अफ्लाटॉक्सिनचं तसं नाही. तिथे डोळ्यांना दिसणारी बुरशी आणि प्रत्यक्ष विष यांचा मेळ कच्चा असतो. फक्त कणसं बघून दिलेला ‘प्रतिकारक’ हा शेरा अफ्लाटॉक्सिनसाठी मी गृहीत धरत नाही.

आणि प्रतिकारक म्हणजे रोगमुक्त नव्हे. अफ्लाटॉक्सिनला पूर्ण दाद न देणारा मका आजवर पारंपरिक पैदाशीतून मिळालेला नाही. चांगला वाण त्याच परिस्थितीत विष कमी होऊ देतो, इतकंच. परिस्थितीच फार बिघडली तर ‘कमी’ सुद्धा मर्यादेच्या वर जातं.

दुसरी तपासणी: कणीस सोला आणि बुरशी ओळखा

शेतातून वेगवेगळ्या ठिकाणची वीस-पंचवीस कणसं तोडून सोला. कडेच्या ओळी सोडा. एक साधं भिंग पुरतं.

पिवळसर-हिरवी किंवा शेवाळी रंगाची भुकटी, तीही शेंड्याला आणि किडीने केलेल्या जखमांवर, म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसचा संशय. हिचं विष अफ्लाटॉक्सिन. विखुरलेले पांढरे-गुलाबी दाणे आणि फाकलेल्या रेघा ही फ्युजारियम व्हर्टिसिलिऑइडिसची खूण, विष फ्युमोनिसिन. शेंड्याकडून खाली येणारी लालसर बुरशी फ्युजारियम ग्रामिनेरमची, तिची विषं डीऑक्सिनिव्हॅलेनॉल आणि झिअरालेनोन. बुडाकडून चढणारी करडी बुरशी स्टेनोकार्पेला. तिचा माल गुरांना घातला तर मज्जासंस्थेचे त्रास होऊ शकतात. साठवणीत अंकुराशी दिसणारा निळसर डाग बहुधा पेनिसिलियमचा असतो. ती अफ्लाटॉक्सिन करत नाही, पण धान्य ओलं साठवलं गेलं याची साक्ष मात्र देते.

हे ओळखणं का महत्त्वाचं? कारण एका बुरशीचा प्रतिकार दुसरीला लागू पडेलच असं नाही, आणि हवामानही वेगवेगळं लागतं. फ्लेव्हसला उष्णता आणि कोरडा ताण मानवतो. ग्रामिनेरमला स्त्रीकेसर (कणसाच्या शेंड्याचे केस) बाहेर येताना थंड, ओलं हवामान लागतं. लाल बुरशीवर अफ्लाटॉक्सिनचे उपाय करत बसलेले लोक मी पाहिलेत, त्यांचा हंगाम वाया जातो. व्हर्टिसिलिऑइडिस तर कुठलंही लक्षण न दाखवता झाडाच्या आत वाढू शकते, बियाण्यातूनही पुढे येते. ‘बुरशी नाही पण विष आहे’ या तक्रारीत फ्युमोनिसिनची तपासणी करून घ्या.

रंगावरून केलेली ओळख हा अंदाज असतो. एकाच कणसावर दोन-तीन बुरशा सुखाने नांदतात.

अतिनील दिव्याखाली भरडलेल्या दाण्यात पिवळसर-हिरवी चमक बघण्याची युक्ती बरेच जण सांगतात. ती चमक अफ्लाटॉक्सिनची नसते. बुरशीच्या कोजिक आम्लावर दाण्यातल्या विकराची (एन्झाइमची) क्रिया होऊन ती येते. चमक दिसली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. दिसली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

तिसरी तपासणी: विष शेतात आलं की साठवणीत?

माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत कामाची आहे आणि हिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

कापणीच्या दिवशीच शेतभरातून कणसं घ्या, हाताने दाणे काढा, लगेच वाळवा (थोडे दाणे पातळ थरात लवकर वाळतात), आणि हवाबंद डब्यात तारीख घालून ठेवा. महिन्या-दीड महिन्यानंतर त्याच मालाच्या पोत्यांतून दुसरा नमुना घ्या. दोन्ही एकाच वेळी, एकाच पद्धतीने तपासून घ्या. पहिला स्वच्छ आणि दुसरा नापास आला तर वाणाला हात लावू नका, गळती वाळवणीत आणि साठवणीत आहे. दोन्ही नापास आले तर पुढच्या तपासण्यांकडे वळा.

कापणी होऊन गेली असेल आणि डबा ठेवलेला नसेल, तर किमान ओलावा बघा. यंत्र नसेल तर मिठाची जुनी युक्ती चालते. कोरडी काचेची बरणी घ्या, तिच्यात पूर्ण कोरडं बारीक मीठ थोडं टाका, एक तृतीयांश भरेल इतका मका घाला, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ तळाशी मोकळं राहिलं तर १५ च्या आत. साठवणीसाठी मात्र एवढ्यावर समाधान मानू नका. १४ टक्क्यांच्या खाली, आणि बराच काळ ठेवायचं असेल तर १३ पर्यंत उतरवा.

मग तारखा जुळवा. कापणी कधी, मळणी कधी, सुरक्षित ओलाव्यापर्यंत धान्य कधी पोहोचलं? ओली कणसं ढीग घालून झाकून ठेवली की आतला भाग तापतो, आणि फ्लेव्हसला हवं असलेलं ऊबदार दमट हवामान आपणच तयार करून देतो. पहिले एक-दोन दिवस निर्णायक असतात. रात्री दव पडत असेल आणि धान्य उघड्यावर असेल तर दिवसभर वाळवलेलं रात्री पुन्हा ओलावतं. पातळ थर, वरचेवर हलवणं, संध्याकाळी गोळा करून झाकणं, सकाळी पुन्हा पसरणं. कंटाळवाणं काम आहे, पण वाण बदलण्यापेक्षा स्वस्त आहे.

इथे आनुवंशिकतेचा एक धागा येतो. प्रतिकारक दाण्याचा बराचसा प्रतिकार जिवंत दाण्याचा असतो. ‘जीटी-एमएएस:जीके’ या अमेरिकेतल्या प्रतिकारक मक्यावरच्या प्रयोगांत अंकुर मारून टाकल्यावर दाण्याची संरक्षक क्षमता नाहीशी झाली. म्हणजे मळणीयंत्रात फुटलेला, चिरलेला, किंवा जास्त तापवून मेलेला दाणा कुठल्याही जातीचा असला तरी बुरशीपुढे उघडाच. यंत्राचा वेग कमी करा. तुटके दाणे, भुसा, पोचट दाणे चाळून आणि उफणून वेगळे काढा. विषाचा मोठा हिस्सा याच चुऱ्यात असतो. वेगळा काढलेला चुरा कोंबड्यांना किंवा गुरांना घालू नका. दुभत्या जनावरांच्या दुधात त्यातलं काही विष अफ्लाटॉक्सिन एम१ बनून उतरतं.

चौथी तपासणी: नमुना खरा होता का?

‘एक पास, एक नापास’ हे लक्षण असेल तर इथेच थांबून नीट बघा. विष ढिगात सारखं पसरलेलं नसतं. बहुतेक दाणे स्वच्छ असतात आणि मोजक्या दाण्यांत ते प्रचंड असतं. एकट्या दाण्यात लाख पीपीबीच्या (पीपीबी म्हणजे अब्ज भागांतला एक भाग) वर अफ्लाटॉक्सिन सापडल्याच्या नोंदी आहेत. हिशेब करून बघा. किलोभर मक्यात साधारण तीन हजारांवर दाणे, एका दाण्याचं वजन ०.३ ग्रॅम धरू. त्यातला एकच दाणा १,००,००० पीपीबीचा असेल आणि बाकी सगळे निर्मळ, तरी त्या किलोची सरासरी ३० पीपीबी भरते. अमेरिकेत माणसांच्या अन्नासाठीची मर्यादा २० पीपीबी आहे. युरोपीय संघात थेट खाण्याच्या तृणधान्यांसाठी एकूण अफ्लाटॉक्सिन ४ पीपीबी. एक दाणा तुमच्या मुठीत आला की नापास, नाही आला की पास. ओंजळभर मका पाठवून आलेल्या अहवालावर वाणाची किंमत ठरवणं म्हणजे नाणं उडवणं.

म्हणून नमुना ढिगाच्या वरून घेऊ नका. पोती भरताना किंवा उतरवताना वाहत्या धान्यातून थोडं थोडं, पुष्कळ वेळा घ्या आणि ५ ते १० किलोचा एकत्र नमुना करा. तो सगळाच्या सगळा दळा, नीट मिसळा आणि मगच त्यातला छोटा भाग तपासायला द्या. आधी मूठभर दाणे काढून नंतर दळण्यात काही अर्थ नाही. दोन वाणांची तुलना करायची असेल तर दोन्हींसाठी नमुना घेण्याची पद्धत, वजन आणि दळण एकच ठेवा. झटपट पट्टी-चाचणी चाळणी म्हणून ठीक आहे. वादाचा निकाल एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या किंवा त्याहून सूक्ष्म पद्धतीने करून घ्यावा.

पाचवी तपासणी: ताण, कीड आणि आवरण

विष शेतातच आलंय हे नक्की झालं असेल तर आता शिवारात उतरा. पण आधी वही काढा. स्त्रीकेसर बाहेर पडल्यापासून दाणे चिकात येईपर्यंत पाऊस किंवा पाणी किती मिळालं? त्या काळात ऊन कसं होतं? फ्लेव्हस स्त्रीकेसरांवर वाढते, ते पिवळे-तपकिरी व्हायला लागले की जास्तच, आणि तिथून दाण्यांपर्यंत उतरते. याच काळात झाड तहानलेलं आणि तापलेलं असेल तर प्रतिकारक वाणाचीही ताकद खचते. नत्राची उपासमार आणि अति दाट लागवड त्यात भर घालतात. ताणाच्या वर्षीच विष येत असेल तर एक संरक्षक पाणी दाणे भरताना देणं, किंवा पेरणीची तारीख अशी हलवणं की फुलोरा सर्वांत कडक काळात सापडणार नाही, हे वाण बदलण्याच्या आधीचे उपाय आहेत.

कीड बघताना फक्त पानांवरची छिद्रं मोजू नका. कणसात शिरलेली अळी दाण्याचं टरफल फोडते आणि अंगावरून बीजाणू आत नेते. टरफल हा दाण्याचा पहिला तट. त्याच्यावरचा मेणाचा आणि क्युटिनचा थर प्रतिकारक वाणांत जास्त किंवा वेगळा असल्याचं आढळलंय. अळीने तो तट फोडल्यावर आनुवंशिक प्रतिकाराचा निम्मा खेळ संपला. फ्युमोनिसिनचंही तसंच. कीड आटोक्यात आली की बरेचदा तेही उतरतं.

आवरण बघणं सोपं आहे, आणि ते वाणाचाच गुण असल्याने उत्तर लगेच मिळतं. पक्व कणसाचा शेंडा आवरणातून बाहेर डोकावतो का? जिथे डोकावतो तिथे पाऊस, कीड, पक्षी सगळ्यांना वाट मोकळी. शेंड्यापलीकडे जाणारं घट्ट आवरण असलेला वाण अफ्लाटॉक्सिनपुरता सहसा सरस. मात्र असं घट्ट आवरण ओल सहज सोडत नाही, त्यामुळे दमट, पावसाळी कापणीत माल उभ्याने वाळण्याची वाट बघू नका.

या टप्प्यावर जैविक उपाय करता येतो. विष न बनवणारे फ्लेव्हसचेच वाण धान्यावर चढवून फुलोऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी ओल्या जमिनीवर टाकतात, साधारण हेक्टरी १० किलो. ते जागा अडवतात आणि विषारी भाईबंदांना पसरू देत नाहीत. ‘एएफ३६’, ‘अफ्लासेफ’ ही त्यातली माहितीची नावं. उपाय फक्त अफ्लाटॉक्सिनवर चालतो, फ्युमोनिसिनवर नाही, आणि आपल्या भागासाठी नोंदणी झालेलं उत्पादनच वापरायचं.

सहावी तपासणी: बियाणं तेच आहे का?

आता वाणाची पाळी. संकरित मक्याचा माल राखून पुन्हा पेरला असेल तर तक्रारीचं उत्तर तिथेच आहे. अनेक जनुकांची बेरीज पुढच्या पिढीत विस्कटते, काही झाडांना बरीच मिळतात, काहींना जवळपास नाहीच. शेतात झाडांची उंची, तुऱ्याचा रंग, कणसाचा आकार यांत एकसारखेपणा नसेल तर बियाण्याच्या शुद्धतेवर शंका घ्या.

याहून नाजूक मुद्दा असा. दाण्याचं टरफल हे झाडाचं अंग, पूर्णपणे मातेचं. आतला पांढरा-पिवळा गर आणि अंकुर मात्र परागाच्या वाट्यानेही बनतात. त्यामुळे संकरित वाणाच्या कणसावर सगळ्या दाण्यांचं टरफल एकाच जातकुळीचं, पण गर आणि अंकुर दुसऱ्या पिढीचे, दाण्यागणिक वेगळे. वाणाचा प्रतिकार टरफलावर किंवा आवरणावर आधारलेला असेल तर तो सगळ्या दाण्यांत सारखा मिळेल. आतल्या प्रथिनांवर आधारलेला असेल तर काही दाणे कच्चे निघतीलच, आणि ढीग नापास करायला थोडेच दाणे पुरतात हे वर पाहिलं. शेजारच्या शेतातून परागकण आले तरी परिणाम आतल्या भागावरच होतो. वाण काढणाऱ्यांना ‘प्रतिकार कशात आहे’ असं विचारायचं ते याचसाठी. कडेच्या ओळी टाळायला सांगितलं त्याचंही एक कारण हेच.

शंका फेडण्याचा साधा मार्ग म्हणजे पट्टे. एकाच शेतात, एकाच दिवशी, तुमचा वाण आणि दुसरा एखादा ओळखीचा वाण, आलटून पालटून किमान तीन-तीन पट्टे. फुलोरा जवळपास एकाच वेळी येईल असे वाण निवडा, नाहीतर एकाला ताण आणि दुसऱ्याला पाऊस मिळतो आणि तुलना खोटी ठरते. एका हंगामावरून निकाल देऊ नका. या गुणावर हवामानाचा पगडा फार मोठा आहे.

सातवी तपासणी: दाण्याची ताकद मोजणं (हे घरी नाही)

इथून पुढचं काम प्रयोगशाळेचं. दाणा-चाचणीत दाणे वरून निर्जंतुक करून फ्लेव्हसच्या बीजाणूंच्या द्रवात बुडवतात आणि ३१ अंश सेल्सिअसला, संपृक्त दमट हवेत सात दिवस ठेवून विष मोजतात. काही दाण्यांना मुद्दाम टोचून जखम करतात. जखमी दाणाही टिकला तर प्रतिकार आत आहे, न टोचलेलाच टिकला तर टरफलात. शेतात कणसाच्या बाजूने सुईने किंवा स्त्रीकेसरांच्या वाटेत बीजाणू सोडूनही पारख करतात. कोणत्या वाटेने टोचलं यावर निकाल बदलतो, कारण स्त्रीकेसरांतला प्रतिकार आणि दाण्यातला प्रतिकार हे निरनिराळे गुण आहेत.

हे स्वतः करू नका. फ्लेव्हसचे बीजाणू वाढवणं म्हणजे फुप्फुसांना आणि शेजारच्या पिकांना धोका.

वाणच बदलायचा असेल तर

वरचं सगळं करूनही बोट वाणावरच राहिलं, तर काय उपलब्ध आहे ते माहीत असू द्या. अमेरिकेच्या कृषी खात्याने मिसिसिपीत काढलेल्या ‘एमपी३१३ई’, ‘एमपी७१५’, ‘एमपी७१७’ या अंतःप्रजात (स्वपरागणाने स्थिर केलेल्या) वाणांत, आणि ‘टेक्स६’ मध्ये, अफ्लाटॉक्सिनविरुद्धचा प्रतिकार वर्षानुवर्षं अभ्यासला गेलाय. नायजेरियातल्या आयआयटीए या कृषी संशोधन संस्थेने अमेरिकी संशोधकांसोबत ‘टीझेडएआर१०१’ ते ‘टीझेडएआर१०६’ हे सहा वाण दिले. सिमिट या मका-गहू संशोधन संस्थेच्या साठ्यातही उपयोगी मातृवाण आहेत. प्रतिकारक दाण्यांत ट्रिप्सिन रोधक प्रथिन, बुरशीच्या भिंतीवर तुटून पडणारी विकरं, ताण सोसायला मदत करणारी प्रथिनं जास्त आढळली आहेत.

पण ही पैदासकारांची शिदोरी आहे, थेट पेरायचं बियाणं नव्हे. यांतले बरेच उशिरा पिकणारे, उंच आणि कमी उत्पन्नाचे. त्यांच्यातला चांगला भाग व्यापारी वाणात आणायला पिढ्यामागून पिढ्या पारखाव्या लागतात, आणि ठसा-जनुकांच्या (मार्करच्या) मदतीनेही काम संथ चालतं, कारण एकही जनुक एकट्याने मोठा फरक पाडत नाही. बुरशीचं विष बनवणारं जनुक मक्याच्याच आरएनएने गप्प करण्याचा प्रयोग २०१७ मध्ये जाहीर झाला आणि त्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन जवळपास सापडलंच नाही. तो संशोधनातला निकाल आहे. त्याच्या भरवशावर वाळवणी ढिली सोडू नका.

तुमच्या हातात असलेली निवड साधी आहे. कडक दाणा, लांब घट्ट आवरण, तुमच्या हवामानात ताण सोसणारा, आणि विष मोजून पारखलेला वाण. मऊ, पिठूळ दाण्याचे वाण उष्ण-कोरड्या भागात टाळलेले बरे.

इथे थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

जनावरं चारा सोडू लागली, दूध अचानक घटलं, घोडा लडखडतोय, डुकरांना धाप लागतेय, कावीळ दिसतेय, तर तपासण्या करत बसू नका. खाद्य ताबडतोब बंद करा, थोडा नमुना राखून ठेवा आणि पशुवैद्याला बोलवा. माणसांत उलट्या, पोटात दुखणं, कावीळ दिसली तर थेट दवाखाना. २००४ मध्ये केनियात साठवलेल्या मक्यातल्या अफ्लाटॉक्सिनने ३१७ जण आजारी पडले आणि १२५ दगावले. १९७४ मध्ये पश्चिम भारतातही बुरशीच्या मक्यानेच १०६ बळी घेतले होते. शिजवून, भाजून हे विष जात नाही.

अहवाल मर्यादेच्या वर आला तर चांगल्या मालात मिसळून सरासरी खाली आणण्याच्या फंदात पडू नका. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे, आणि वर सांगितलेल्या हिशेबाने पुढच्या गिऱ्हाईकाच्या मुठीत तोच दाणा येऊ शकतो. अशा मालाचं काय करायचं ते अन्नसुरक्षा यंत्रणेला विचारा.

कापणीच्या दिवशीचे नमुने सलग दोन हंगाम नापास, ओलावा आणि कीड दोन्ही ताब्यात, आणि पट्ट्यांतही तुमचाच वाण मागे, असं झालं तर वनस्पतीरोगतज्ज्ञाकडे जा. जाताना सोबत न्या: पेरणी, फुलोरा आणि कापणीच्या तारखा, त्या काळातल्या पावसाची आणि पाण्याची नोंद, पिशवीवरची पट्टी, कापणीच्या दिवशीचा हवाबंद नमुना, साठवणीतला नमुना, आणि कागदी पिशवीत वेगवेगळी ठेवलेली बाधित कणसं. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. वाटेतच बुरशी दुप्पट होते आणि तज्ज्ञाला तुमच्या शेतातली नव्हे, पिशवीतली बुरशी दिसते.